नाकावरचं ओझं: एमजी, केन कॉस्टेलो आणि अठरा किलो



अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन गॅरेजमध्ये साखळी-कप्पीला टांगलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना आजचा विषय लगेच कळेल. ते इंजिन खाली उतरवताना मिस्त्री ओरडायचा, "हात काढ, हात काढ!" कारण तो बिडाचा गोळा होता. बोटावर आला की बोट गेलं. १४८९ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन म्हणजे बीएमसी या कंपनीच्या ‘बी-सीरीज’ घराण्यातलं हे इंजिन. आपल्याकडे ते मंत्र्यांच्या आणि टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांतून फिरलं. पण १९५५ साली इंग्लंडमध्ये जी ‘एमजीए’ नावाची देखणी स्पोर्ट्स कार आली, तिच्या बोनेटखालीही हेच १४८९ सीसीचं इंजिन होतं, फक्त जरा जास्त चढवलेलं. पुढे ते वाढवून १७९८ सीसी केलं आणि १९६२ मध्ये एमजीए जाऊन ‘एमजीबी’ आली.

म्हणजे कोलकात्याची पिवळी टॅक्सी आणि इंग्रज तरुणांची स्वप्नातली गाडी यांच्या नाकावर एकाच घराण्याचं ओझं होतं. आजची गोष्ट त्या ओझ्याची आहे. एका मोठ्या कंपनीने ते कमी करण्याऐवजी वाढवलं, आणि एका छोट्या वर्कशॉपवाल्याने ते उतरवून दाखवलं. आता ‘एमजी’ म्हटलं की तुम्हाला गुजरातमधल्या हालोलला बनणारी हेक्टर आठवेल. नाव तेच, पण ही गोष्ट त्या जुन्या, ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या एमजीची.

आधी एक हिशेब करू. कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम.

समजा, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर आहे. बोनेटखाली १६ किलोची बॅटरी आहे, पुढच्या चाकांच्या रेषेपासून पाव मीटर मागे. तिचं १४.४ किलो वजन पुढच्या चाकांवर पडतं आणि उरलेलं १.६ किलो मागच्या. आता ही बॅटरी उचलून डिकीत ठेवली, मागच्या चाकांच्याही अर्धा मीटर पलीकडे. काय होईल? तिचं वजन पुढच्या चाकांवर पडणार नाहीच, उलट ती मागे लटकून पुढचा भाग ३.२ किलोने वर उचलेल. एकूण फरक १७.६ किलो. बॅटरी १६ किलोची, पण नाक हलकं झालं साडेसतरा किलोंनी! जत्रेतल्या सी-सॉवर बसलेल्या पोराला हे न शिकवता कळतं.

हाच हिशेब उलटाही चालतो. १० किलोचा बंपर चाकांच्या पाऊण मीटर पुढे लावला, की पुढच्या चाकांवर १३ किलो पडतात आणि मागची चाकं ३ किलोने हलकी होतात. म्हणून गाडीचं वजन किती, एवढंच विचारून भागत नाही. ते कुठे आहे, हेही विचारावं लागतं. चाकांच्या पुढे लोंबणारा किलो सगळ्यात महाग.

पण नाक जड असलं तर बिघडतं काय? टायरवर वजन वाढलं की त्याची पकड वाढते, हे खरं. मात्र त्याच प्रमाणात वाढत नाही. वजन दुप्पट केलं तर पकड दुपटीपेक्षा कमीच मिळते. वळणावर मात्र ते सगळं वजन आत वळवायचं काम त्याच टायरने करायचं असतं. म्हणून जड नाकाची गाडी वेगात वळवली की स्टिअरिंग फिरतं, पण नाक सरळ बाहेरच्या बाजूला जायला बघतं. याला अंडरस्टिअर म्हणतात. घाटात जड पिकअप खाली आणलेल्या माणसाला हा शब्द माहीत नसेल, पण भीती माहीत असते.

तर, १९६२ ची एमजीबी. तिची मांडणी मुळात शहाणी होती. बॅटऱ्या (सहा-सहा व्होल्टच्या दोन) सीटच्या मागे, जमिनीच्या पातळीला. म्हणजे आजचे हौशी लोक घरी जो पहिला बदल करतात तो कारखान्यानेच करून दिलेला. सुरुवातीच्या गाड्यांचं बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं. इंजिन चाकांच्या रेषेच्या बरंच मागे सरकवलेलं. ताकद साधारण ९५ अश्वशक्ती, म्हणजे आज हसू येईल इतकी, पण गाडी गोड चालायची. वळणावर ती काय करणार आहे हे आधी कळायचं. लोकांनी ती भरभरून घेतली. १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

गाडी चालू लागली की गिऱ्हाईक पहिली मागणी करतं ती ताकदीची. त्याच सुमाराला बीएमसीची दुसरी मोठी स्पोर्ट्स कार, ऑस्टिन-हीली ३०००, निवृत्तीला आली होती. कंपनीने ठरवलं, एका दगडात दोन पक्षी मारू. एमजीबीत सहा सिलिंडरचं तीन लिटरचं इंजिन घालू. इंजिन नव्याने आखलं जात होतं, त्यामुळे जुन्या सहा सिलिंडरवाल्यापेक्षा ते बरंच हलकं होईल अशी अ‍ॅबिंग्डनच्या लोकांची आशा होती. तसं काही झालं नाही. आलेलं इंजिन एमजीबीच्या चार सिलिंडरवाल्यापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड भरलं.

९५ किलो म्हणजे एक धिप्पाड माणूस. तो कायमचा बोनेटवर बसवून गाडी चालवायची, असा हा प्रकार. शिवाय इंजिन लांब आणि उंच. ते बसेना म्हणून रेडिएटर पुढे ढकलला, बोनेटला फुगवटा दिला, पुढचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार लावले. गंमत बघा, टॉर्शन बार म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसेडरच्या पुढच्या चाकांना होते तसलाच प्रकार. डोनाल्ड हीली यांना या गाडीला स्वतःचं नाव द्यायची इच्छा नव्हती. १९६७ च्या शरद ऋतूत ती ‘एमजीसी’ म्हणून बाजारात आली.

पत्रकारांनी तिला सोललं. सरळ रस्त्यावर छान, १४५ अश्वशक्ती, तासाला १९० किलोमीटरच्या पुढे जाते. पण वळणावर? नाक जड, अंडरस्टिअर, एमजीबीचा सगळा गोडवा गेलेला. पत्रकारांना दिलेल्या गाड्यांच्या टायरमध्ये हवा चुकीची भरली होती असं समर्थन पुढे अनेकांनी केलं. असेलही. योग्य हवा भरली, चांगले टायर लावले तर एमजीसी बरी चालते असं तिचे मालक आजही सांगतात, आणि त्यांच्यात राजपुत्र चार्ल्सही होते. पण हवेने ९५ किलो उतरत नाहीत. १९६९ मध्ये ती बंद झाली. एकूण सुमारे ९,००० गाड्या.

त्याच कारखान्याच्या रेसिंग विभागाने मात्र रोग ओळखला होता. स्पर्धेसाठी बनवलेल्या ‘एमजीसी जीटीएस’ला त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावले, आणि पुढे इंजिनाचा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा केला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत ती दहावी आली. म्हणजे औषध घरातच होतं, पण ते गिऱ्हाइकाला मिळालं नाही.

आता इथून थोडं अमेरिकेत जाऊ, कारण गोष्टीचा दुसरा धागा तिथे आहे.

जनरल मोटर्सच्या ब्यूक विभागाने १९६१ मध्ये एक वेगळं इंजिन बाजारात आणलं. आठ सिलिंडर, साडेतीन लिटर, आणि ब्लॉक व हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियमचं वजन बिडाच्या साधारण चाळीस टक्के असतं. त्यामुळे हे आठ सिलिंडरचं इंजिन सुमारे १४४ किलोंत बसलं. पण त्या काळी ओतकाम नीट जमेना. धातूत बारीक छिद्रं राहायची, कूलंटमध्ये योग्य रसायन नसेल तर आतून गंज धरायचा. दरम्यान बिडाच्या भिंती पातळ ओतायची कला सुधारली आणि स्वस्तात बऱ्यापैकी हलकं बिडाचं इंजिन होऊ लागलं. १९६३ नंतर जनरल मोटर्सने अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन टाकून दिलं.

टाकलेल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी कंपनीत गेले होते. तिथे त्यांना हे इंजिन दिसलं. त्यांनी चौकशी केली, घासाघीस झाली, आणि १९६५ च्या सुरुवातीला इंजिनाचे हक्क रोव्हरकडे आले. त्याच इंजिनाच्या ओल्डस्मोबिल भावंडाचा ब्लॉक घेऊन ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीने शर्यतीचं इंजिन बनवलं, आणि १९६६ मध्ये जॅक ब्रॅबहॅम त्याच्या जोरावर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. जनरल मोटर्सच्या अडगळीतून हे निघालं, हे विसरू नका.

रोव्हरने ओतकामाची पद्धत बदलली. वाळूच्या साच्यात ब्लॉक ओतायचा आणि बिडाच्या नळ्या नंतर दाबून बसवायच्या. इंजिन भरवशाचं झालं. आधी रोव्हरच्या मोठ्या सेदानमध्ये गेलं, मग १९७० मध्ये पहिल्या रेंज रोव्हरमध्ये. आणि १९६८ मध्ये लेलँड आणि बीएमसी एकत्र होऊन ब्रिटिश लेलँड नावाची अवाढव्य कंपनी तयार झाली, तेव्हा एमजी आणि रोव्हर एकाच छपराखाली आल्या.

म्हणजे १९६८ मध्ये एका बाजूला नाक जड म्हणून बदनाम झालेली एमजीसी, आणि दुसऱ्या बाजूला आठ सिलिंडरचं, भरपूर ताकदीचं, हलकं इंजिन. दोन्ही एकाच मालकाची. आपल्याकडच्या एखाद्या गावात दोन सख्ख्या भावांच्या विहिरी असाव्यात, एकीला पाणी, दुसरी कोरडी, आणि मध्ये बांधाचं भांडण, तसं हे झालं. ब्रिटिश लेलँडमध्ये ट्रायम्फही होती. तिच्या स्वतःच्या स्पोर्ट्स कार होत्या आणि ‘स्टॅग’साठी ती स्वतःचं वेगळं आठ सिलिंडरचं इंजिन बनवत होती. कुणाची गाडी पुढे न्यायची यावर आतल्या आत ओढाताण चालली होती.

केन कॉस्टेलो या माणसाचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. तो मिनी गाड्यांच्या शर्यतीतला ड्रायव्हर, केंट परगण्यात त्याचं छोटं वर्कशॉप. १९६० चं दशक संपता संपता त्याने एमजीबीचं बिडाचं इंजिन काढलं आणि तिथे हे अ‍ॅल्युमिनियमचं आठ सिलिंडरवालं बसवून पाहिलं.

वजनाचा हिशेब असा होता. एमजीबीच्या चार सिलिंडरवाल्या बिडाच्या इंजिनापेक्षा रोव्हरचं आठ सिलिंडरवालं इंजिन साधारण १८ किलोंनी हलकं होतं. सिलिंडर दुप्पट, आकार जवळपास दुप्पट, ताकद दीडपटीहून जास्त, आणि वजन कमी. शिवाय आठ सिलिंडर दोन रांगांत चार-चार असल्यामुळे इंजिन आखूड. ते मागे सरकवून बसवता येतं. कंपनीने ताकदीसाठी नाकावर ९५ किलो चढवले होते. कॉस्टेलोने त्याहून जास्त ताकद घालून नाक हलकं केलं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण इंजिन उचलून ठेवलं की झालं असं नसतं. आठ सिलिंडरवालं इंजिन रुंद असतं. एक्झॉस्टचे पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला अडतात. कार्ब्युरेटर वर उंच येतात. म्हणून कॉस्टेलोने फायबरग्लासचं बोनेट करून त्याला फुगवटा दिला. त्यात आणखी काही किलो वाचले हा वरचा नफा. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर बदलावं लागलं, कारण आता इंजिन दमत नव्हतं. पुढच्या चाकांच्या मूळ सस्पेन्शनचा सांगाडा मात्र तसाच चालला. एमजीसीला जी उलथापालथ करावी लागली होती, तिची इथे गरजच पडली नाही.

गाड्या विकल्या जाऊ लागल्या, मासिकांतून कौतुक झालं. ब्रिटिश लेलँडनेही दखल घेतली. तिने कॉस्टेलोकडून एक गाडी तपासायला बनवून घेतली. मग अ‍ॅबिंग्डनने स्वतःची आवृत्ती केली. ती अधिक नीटस होती, हे मान्य करायला हवं. कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला नेले, म्हणजे बोनेटला फुगवटा लागला नाही. पण इंजिन घेतलं ते रेंज रोव्हरचं कमी कम्प्रेशनचं, १३७ अश्वशक्तीचं. कॉस्टेलोच्या गाड्या याहून चांगल्याच ताकदवान होत्या. तरीही कारखान्याची ‘एमजीबी जीटी व्ही-८’ साधारण आठ सेकंदांत शंभरच्या आसपास जायची, तासाला २०० किलोमीटर गाठायची, आणि तिच्या वजनाची वाटणी पुढे-मागे जवळपास अर्धी-अर्धी होती.

ती आली ऑगस्ट १९७३ मध्ये. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि तेलाचे भाव भडकले. आठ सिलिंडरचं नाव घ्यायलाही लोक घाबरू लागले. किंमत फोर्ड कॅप्रीपेक्षा बरीच जास्त. एमजीची सगळ्यात मोठी बाजारपेठ अमेरिका, आणि तिथे ही गाडी विकायला पाठवलीच नाही. १९७६ मध्ये बंद. एकूण २,५९१. माझं मत विचाराल तर ही गाडी १९६८ मध्ये यायला हवी होती. एमजीसीच्या जागी ती आली असती तर एमजीचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. आणि कॉस्टेलोचं काय? कंपनीची स्वतःची गाडी आल्यावर त्याला नवी इंजिनं मिळणं अवघड झालं. छोट्या माणसाने वाट दाखवायची आणि मोठ्याने त्या वाटेवर टोलनाका उभा करायचा, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

इतक्यात एमजीबीच्या नाकावर नवं ओझं आलं, आणि तेही कायद्याने. अमेरिकेत नियम झाला की सावकाश धडक बसली तर गाडीचं नुकसान होता कामा नये, आणि बंपर ठरावीक उंचीवर हवा. म्हणून १९७४ च्या अखेरीपासून एमजीबीला क्रोमच्या नाजूक पट्टीऐवजी आत पोलाद असलेले काळे रबरी बंपर आले. चाकांच्या पुढे लोंबणारा किलो सगळ्यात महाग, हे आपण वर पाहिलंच. त्यावर कळस म्हणजे बंपरची उंची जुळवायला सगळी गाडीच इंच-दीड इंच वर उचलली. वजन पुढे गेलं, उंच गेलं, आणि काही काळ पैसे वाचवायला पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

कारखाना संपला, पण घरच्या गॅरेजमधलं काम इथे खरं सुरू झालं.

१९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये रोव्हरच्या एसडी-१ नावाच्या मोठ्या गाड्या भंगारात जाऊ लागल्या. पत्रा गंजलेला, पण आत तेच अ‍ॅल्युमिनियमचं आठ सिलिंडरवालं इंजिन आणि सोबत पाच गिअरचा बॉक्स. आठवडाभर नोकरी करणारा माणूस शनिवारी भंगारवाल्याकडे जायचा, इंजिन आणायचा आणि एमजीबीत बसवायचा. अमेरिकेत लोक जुनी ब्यूक शोधायचे. तिथे काहींनी फोर्डचं बिडाचं आठ सिलिंडरवालं घातलं, कारण ते कुठेही मिळतं. मग नाक पुन्हा जड झालं म्हणून त्यावर अ‍ॅल्युमिनियमची हेड, अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड, अ‍ॅल्युमिनियमचा वॉटर पंप असे एकेक बदल करत बसले. थोडक्यात, ब्यूकने जे १९६१ मध्ये केलं होतं ते हप्त्याहप्त्याने परत विकत घेतलं.

या घरगुती कारागिरांनी एक फरक शिकून घेतला, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गाडीच्या नाकात दोन तऱ्हेचं लोखंड असतं. एक नुसतं बसलेलं, एक काम करणारं. एमजीबीची पुढची मडगार्डं बोल्टने लावलेली असतात. ती काढून फायबरग्लासची लावली तर गाडीच्या मूळ सांगाड्याचं काही बिघडत नाही. बोनेटचंही तसंच. जुना जड स्टार्टर जाऊन छोटा गिअरवाला आला, बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी नळ्यांचा आला, इंजिनावरचा पंखा जाऊन रेडिएटरवर विजेचा आला, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आला. सगळं नुसतं बसलेलं वजन. पण पुढचा क्रॉस मेंबर? चार बोल्टने बसणारा तो पोलादी तुकडा आहे, आणि सस्पेन्शनचा भार त्याच्यावर आहे. तो दिसायला ओबडधोबड. त्याला ड्रिलने भोकं पाडायचा मोह होतो. तिथे हात लावायचा नाही.

हा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या पॉन्टिअ‍ॅकने ड्रॅग रेसिंगसाठी कॅटलिना गाडीच्या चासीला ओळीने मोठमोठी भोकं पाडली आणि पुढचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे केले. लोक तिला ‘स्विस चीज’ म्हणू लागले. अशा जेमतेम १४ गाड्या झाल्या. पाव मैल सरळ धावायचं आणि थांबायचं, एवढ्यापुरतं ते ठीक होतं. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ती चासी किती टिकली असती ते सांगायची गरज नाही. लोटस कंपनीची गोष्ट त्याहून गंभीर. लोटस ७२ या फॉर्म्युला वन गाडीत पुढच्या चाकांजवळचं वजन कमी करायला ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या आत नेले आणि चाकाशी पोकळ दांड्याने जोडले. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाच्या सरावात योखन रिंटच्या गाडीचा पुढचा उजवा दांडा तुटला, गाडी नीट न बसवलेल्या लोखंडी कठड्यावर गेली आणि तो गेला. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. तो दांडा काम करणारा होता.

आणखी एक गोष्ट घरी काम करणाऱ्यांच्या उशिरा लक्षात येते. नाक हलकं केलं की स्प्रिंग तेवढ्याच ताठ राहतात, त्यामुळे गाडी पुढून वर उचलली जाते. चाकांचे कोन बदलतात, हेडलाइट आभाळाकडे बघू लागतात. म्हणून जाणते लोक आधी चारी चाकांखाली काटे ठेवून वजन लिहून घेतात, मग बदल, मग पुन्हा वजन, आणि मग स्प्रिंग. बॅटरी मागे नेणाऱ्यांनी जाड तांब्याच्या केबलचं वजनही हिशेबात धरावं, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावावा. पत्र्यावरून गेलेली उघडी केबल घासली तर गाडी जळायला वेळ लागत नाही. बॅटरी गॅस सोडते, त्याला बाहेर जायला वाट हवी.

आपल्याकडे नाकाचा इतिहास उलटा गेला. डिझेल स्वस्त होतं, म्हणून वर्षानुवर्षं गॅरेजवाल्यांनी पेट्रोल गाड्यांत जड डिझेल इंजिनं बसवली. आणि मग आली ती बुल बारची हौस. चाकांच्या पुढे, सगळ्यात महाग जागी, लोखंडी पाइपांचा पिंजरा. त्यामुळे धडकेत पत्रा दुमडून जोर शोषण्याऐवजी तो थेट चासीवर जातो, पादचाऱ्याची तर गतच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यावर बंदी आणली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलना समोरच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली. म्हणजे आजच्या गाडीच्या बंपरमागची पट्टी आणि तिच्यामागच्या पेट्या हे काम करणारं लोखंड आहे, त्यांची एअरबॅगशी गाठ बांधलेली आहे. ते हलकं करायला जाऊ नका. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे: निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. हे प्रयोग कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकसारख्या बंद जागी, स्पर्धेच्या नियमांत करायचे. आणि आपल्या बहुतेक गाड्यांची पुढचीच चाकं गाडी ओढतात, त्यामुळे त्यांना नाकावर थोडं वजन लागतंच. एमजीबी मागच्या चाकांवर चालणारी होती.

ब्यूकचं ते टाकून दिलेलं इंजिन पुढे चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये बनत राहिलं. लँड रोव्हर २००८ पासून टाटांची आहे, म्हणजे जुन्या रेंज रोव्हरमधल्या त्या इंजिनाचं घराणं आता आपल्याकडे आलं म्हणायचं. १९९२ मध्ये रोव्हरने एमजीबीचे जुने साचे बाहेर काढून त्याच इंजिनाची ‘आरव्ही-८’ बनवली, सुमारे दोन हजार, त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. तिशीतली गाडी, आणि तरी लोकांनी घेतली.

आता शेवटची एक गंमत. कारखान्याने व्ही-८ साठी एमजीबीच्या इंजिनाच्या खोलीतले आतले पत्रे बदलले होते. रबरी बंपर आले तेव्हा दोन तऱ्हेचे सांगाडे करायचा खर्च नको, म्हणून सगळ्याच एमजीबींना व्ही-८ चा सांगाडा दिला गेला, आत चार सिलिंडरचं इंजिन असलं तरी. त्यामुळे घरी व्ही-८ बसवू पाहणारा माणूस आजही मुद्दाम रबरी बंपरवालीच एमजीबी शोधतो. ती स्वस्त मिळते, कारण कुणाला आवडत नाही. तो बिडाचं इंजिन काढतो, अ‍ॅल्युमिनियमचं बसवतो, गाडी इंच-दीड इंच खाली आणतो, आणि पुढचे रबरी बंपर कापून तिथे पुन्हा क्रोमची जुनी पट्टी लावतो.